गोणपाटावरची साक्ष

स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनाच्या दारावर ‘समाजकार्याच्या मदतीसाठी’ अशी पाटी हल्ली हटकून दिसते. आत पणत्या, भेटकार्डे, वारली चित्रांच्या कापडी पिशव्या. विक्री झकास होते. परंतु समाजकार्य कोणते, वस्तू कुणाच्या हातची, पैसा कुठे गेला, असे विचारणारा विद्यार्थी खडूस ठरतो. तो खडूसपणा पत्करून मी लिहीत आहे. हातची कला आणि सामाजिक प्रश्न यांची सांगड घालण्यास माझा विरोध नाही. ती सैल घातली जाते, ही तक्रार आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिलीचे उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तेथील लष्कराने साल्व्हादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. जनरल पिनोचेत यांच्या राजवटीत ३,००० हून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली. नाहीशी म्हणजे काय? माणसाला घरातून उचलून न्यायचे, आणि पुढे असा कुणी आमच्याकडे नाहीच म्हणून हात झटकायचे! सान्तियागो शहरात अशा माणसांच्या आया, बायका, बहिणी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसू लागल्या. गोणपाटाच्या तुकड्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या शिवून त्यांनी चित्रे केली. गोणपाटाला स्पॅनिश भाषेत ‘अर्पियेरा’ म्हणतात. तेच चित्रांचे नाव पडले. मागे अँडीजची रांग, वर सूर्य, बाहुल्यांसारखी माणसे. लांबून पाहावे तर बालवाडीच्या भिंतीवर शोभेल असे. जवळ जावे तर कारखान्याचे बंद दार, वस्तीतले सामायिक जेवणाचे पातेले, ‘ते कुठे आहेत?’ असे विचारणारा फलक. कधी कधी ती चिंधी हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याची असे.

१९७६ मध्ये कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांच्या पुढाकाराने ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था निघाली. ती ही चित्रे विकत घेऊन परदेशी धाडी. तेथे परागंदा झालेले चिलियन आणि त्यांचे मित्रगट ती हातोहात खपवीत. बाईची चूल पेटे आणि बातमी सीमेपार जाई. काही चित्रांच्या पाठीला छोटा कप्पा शिवलेला असे व आत चिठ्ठी. मला त्या चिठ्ठीचे मोल चित्राइतकेच वाटते. घेणाऱ्याला ‘किती गोड!’ म्हणून सुटता येत नसे.

आता आपल्या पिशव्यांकडे वळू. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका लिहीत. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रे कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. याच वारल्यांनी १९४५ मध्ये जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. आपल्या पिशवीवर त्याची खूणही नाही. आहे तो तारपा नाच, तोही शहरातल्या छापखान्यात छापलेला. नाच रंगवू नये असे माझे म्हणणे नाही. दुःखच विकावे असेही नाही, त्याने तर दयेचा बाजार मांडला जाईल. पण वारल्यांचे चित्र घेऊन वारल्यांविषयी एक अक्षरही न बोलता समाजकार्याची पाटी लावणे मला पटत नाही. (गोधडीचेही तेच. दुकानात तिची किंमत पाहिल्यावर ती कला असल्याचे आपल्याला कळले!)

कुणी विचारील, चिंध्या शिवून का हुकूमशहा जातो? एकट्या चिंध्यांनी खचितच नाही. १९८८ च्या सार्वमतात पिनोचेत हरले, त्यामागे पुष्कळांचे कष्ट होते. परंतु त्या चित्रांत कुणाचे काय गेले याची नोंद राहिली. आपण मोबाईलवर बोटाच्या एका टिचकीने अशी चित्रे पुढे ढकलतो. तेव्हा पहिली गळते ती ही नोंद, करणाऱ्याच्या नावासकट.

प्रदर्शन समितीला माझी सूचना साधी आहे. पुढील वर्षी प्रत्येक वस्तूला करणाऱ्याचे नाव, गाव आणि चार ओळींची चिठ्ठी जोडावी. जमाखर्च ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर लावावा. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम आमच्या वर्गातील पाचसहा जण आनंदाने करतील. त्यांतल्या दोघांचे अक्षर बरे आहे.