घरोघरचा कायदा : पारावर मिटवलेली भरपाई

सुगी आली की मळणी यंत्र एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरू लागते. रात्रीचा दिवस चाललेला असतो, कणसे आत ढकलणारा गडी पेंगुळलेला असतो, आणि एखाद्या घटकेला कणसांबरोबर हातही आत जातो. पुढे काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. मालक गाडी काढून तालुक्याला नेतो, दवाखान्याचा खर्च करतो. पंधरा दिवसांनी पारावर चार माणसे बसतात, वीस-पंचवीस हजारांवर तोड निघते, कागदावर अंगठा उठतो आणि प्रकरण मिटले असे सगळे धरून चालतात.

ते मिटलेले नसते. मजुराने हे जाणावेच, पण मालकाने अधिक जाणावे. आपले वाचक दोन्ही घरांतले आहेत, म्हणून आज हा विषय.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. भरपाईचा गाभा तोच राहिला. हा कायदा कारखान्यापुरता, असा आपल्याकडे समज आहे. पण ट्रॅक्टरने किंवा इंजिन-विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेती करणारा मजूर कायद्याच्या यादीत आहे. तो रोजंदारीचा असला तरी चालतो. तात्पुरत्या मजुराला वगळणारे शब्द 2000 सालच्या दुरुस्तीने काढून टाकले. “गडी झोपेत होता, चूक त्याचीच” हे उत्तर इथे टिकत नाही. गडी दारू प्यालेला होता किंवा त्याने जाणूनबुजून यंत्राचे संरक्षक झाकण काढून टाकले, असे सिद्ध झाले तर मालक सुटू शकतो. मात्र मृत्यू आला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तेही कारण चालत नाही.

आता रकमेचा हिशेब मांडून पाहू. समजा, मजूर 40 वर्षांचा आहे आणि महिन्याची मजुरी 9,000 रुपये पडते. तिचे 60 टक्के म्हणजे 5,400. चाळीस वयाचा गुणक आहे 184.17. गुणाकार येतो 9,94,518. एका हाताची चारही बोटे गेली तर तक्त्याप्रमाणे कमाईची हानी 50 टक्के धरतात, म्हणजे भरपाई 4,97,259 रुपये. नुसता अंगठा गेला तर 30 टक्के. औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. रक्कम महिन्याच्या आत द्यायची. उशीर झाला तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय रोखली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पारावरचे पंचवीस हजार या हिशेबापुढे कुठे राहतात?

हक्क सोडून देण्याचा करार कायदा मानतच नाही. आपसात रक्कम ठरवता येते, पण तो करार भरपाईच्या अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही आणि पुढे दावा झाला, तर मालकाला पुरी रक्कम द्यावी लागते, आणि आधी दिलेल्यातले सहसा निम्म्याहून अधिक वळते करून घेता येत नाही. चांगल्या मनाने पैसे देणारा मालकही असा दोनदा भरतो. यंत्र वापरणाऱ्याने मजुरांचा विमा आधीच उतरवावा, ते स्वस्त पडते.

मजूर मेला तर रक्कम वारसांच्या हाती न देता अधिकाऱ्याकडे भरायची असते. बायको, मुले, म्हातारे आईबाप यांचे वाटे तो ठरवतो आणि अज्ञान मुलांचा वाटा गुंतवून ठेवायला लावू शकतो. हे मला फार शहाणपणाचे वाटते. विधवेच्या पदरात पैसे पडले की किती पाहुणे जमतात, ते आपण पाहतो.

जुन्या कायद्यात हा अधिकारी म्हणजे आयुक्त, नव्या संहितेत सक्षम प्राधिकारी. चौकशी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात करावी. परजिल्ह्यातून आलेल्या मजुराला स्वतः राहतो त्या भागातही अर्ज करता येतो. पण खरा निकाल पहिल्या आठ दिवसांच्या कागदांवर लागतो. दवाखान्याच्या केसपेपरवर “यंत्रात हात गेला” असेच लिहून घ्या. “पडून लागले” असे लिहवून घेण्याची खोड मालकांना असते. पोलिसांत खबर, पंचनामा, मालकाला लेखी नोटीस, आणि मजुरी किती होती याचा काही तरी पुरावा, एवढे जपून ठेवा.

एक भोक मात्र आहे. खुरपताना विळा लागला, बांधावर पान लागले, तर यंत्राची ही तरतूद उपयोगी पडत नाही. सातबारा असलेल्या घराला तिथे राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चाले, 2023 पासून शासन स्वतः रक्कम देते: मृत्यूला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख. खातेदार आणि घरातला आणखी एक जण यांना ती लागू आहे. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. त्याच बांधावर, त्याच सापाने डसलेल्या भूमिहीन मजुराच्या घराला ही योजना नाही.