भेटीच्या रविवारची पिशवी

वसतिगृहात भेटीचा रविवार आला की माझे लक्ष पालकांच्या पिशव्यांकडे जाते. मजुरीचा एक दिवस बुडवून एस.टी.ने आलेली माउली लेकरासाठी क्रीमची बिस्किटे आणि चॉकलेट आणते. त्या पिशवीतील माया मी जाणते. पण रात्री दाढ धरून रडणारे मूलही मीच पाहते. गेल्या वर्षी सहावीतील एका मुलाची दाढ काढावी लागली. ‘‘दुधाचीच असेल, परत येईल,’’ असे त्याचे वडील म्हणाले. ती कायमची होती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता ती उगवते. म्हणूनच पुष्कळांची अशी फसगत होते.

बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचांत तासन्‌तास चिकटून राहतो. तोंडातील जंतू त्यातील साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. याउलट गाजर, मुळा, काकडी किंवा करकरीत पेरू चावताना भरपूर लाळ सुटते. लाळ आम्लाचा जोर कमी करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट कवचाची सुरुवातीची झीज काही अंशी भरून काढतात. आमच्या लहानपणी आई शेतावरून येताना पदरात बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे आणी. ती गरिबी होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तेव्हा पाच रुपयांचा गोड पुडा वस्तीवर पोहोचला नव्हता, हेही खरे.

मात्र ‘गाजर हाच निसर्गाचा ब्रश’ हे तक्त्यावरील वाक्य मला मान्य नाही. हिरडीलगतचा आणि दोन दातांमधला चिकट थर गाजराने निघत नाही. त्यासाठी सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेच लागतात. (मिश्री हा त्याला पर्याय नव्हे, ती तंबाखूच आहे. माझ्या आईला हे कोणी सांगितले नाही.)

चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुमती दिली आहे. ते आठ अंगुळांहून लांब नसावे आणि चार अंगुळांहून आखूड नसावे, इतका तपशील तेथे आहे. सातव्या शतकात नालंदेत राहून गेलेल्या इत्सिंगनेही या नित्यक्रमाची नोंद केली आहे. विहाराच्या शिस्तीत दातांना स्थान होते. आपल्या वसतिगृहाच्या वेळापत्रकात प्रार्थना आहे, कवायत आहे, अभ्यासिका आहे. रात्री दात घासण्याची वेळ मात्र नाही. हा दोष आम्हा शिक्षकांचा आहे.

माजी विद्यार्थी शाळेला पंखे आणि घड्याळे भेट देतात, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. यंदा त्यांनी दुपारच्या ताटातील गाजर-काकडीचा वर्षभराचा खर्च उचलावा आणि वसतिगृहामागे दहा-बारा नळांची एक रांग बांधून द्यावी. सध्या दीडशे मुलांना तीन नळ आहेत. रात्री नऊ वाजता तेथे रांगेत उभे राहण्यापेक्षा मुले तशीच झोपी जातात.