टीव्ही पुटपुटतो आणि बहिरे मात्र आम्ही!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या महिन्यात आमच्या घरी एका विषयावरून एवढं रामायण घडलं की ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. शिवाय पुण्याच्या भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, तुम्ही साउंडबार घेतला म्हणे, मी कोणता घेऊ?" त्यालाही हे उत्तर परस्पर पोचेल.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी जुना टीव्ही काढून नवा आणून दिला. ४३ इंची, जाडी बोटभर. चित्र असं की बातम्या देणाऱ्याच्या कोटाची उसवलेली शिवण दिसावी. पण तो बोलतो काय ते कळेना. आवाज येत नव्हता असं नाही. आवाज भरपूर होता, शब्द नव्हते. कोणी तोंडात सुपारी धरून दाराआडून बोलावं तसं. आवाज वाढवावा तर मालिकेतलं पार्श्वसंगीत अंगावर येतं, जाहिरात लागली की घर दणाणतं आणि सूनबाई आतून म्हणतात, "बाबा, जरा हळू, याचा अभ्यास चाललाय." कमी करावा तर पुन्हा पुटपुट.

मग घरात एकमताने निकाल लागला: बाबांना आणि आईंना ऐकू येत नाही.

माझा वाद आहे तो या निकालाशी. यंत्र नीट बोलत नसेल तर आधी यंत्र तपासावं की माणूस? पण सत्तरी ओलांडली की प्रत्येक गोष्टीत आरोपी आपणच असतो. मोबाईलची अक्षरं मुंगीएवढी, चूक आमच्या डोळ्यांची. बँकेच्या यंत्राचं बटण दबत नाही, चूक आमच्या बोटाची.

कान तपासून घेतले, दोघांनीही. त्यात लाज वाटायचं कारण नाही आणि तुम्हीही घ्या. माझे वरच्या पट्टीचे सूर वयाप्रमाणे थोडे उतरलेत, हिचे जरा जास्त. डॉक्टरांनी एक गोष्ट फार छान समजावली. वय वाढतं तसे आधी उंच कंपनांचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले स्वर म्हणजे आ, ओ, ऊ हे खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. पण स, श, फ, त, क यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीत. म्हणून आवाज ऐकू येतो आणि शब्द निसटतो. आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलं, पण स्वर आणि व्यंजनं अशी वेगवेगळ्या वाटांनी कानात शिरतात हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

"पण सर, समोर बसून मी बोलतोय ते कळतंय ना तुम्हाला सगळं?" डॉक्टरांनी विचारलं. कळत होतं. हिलाही कळत होतं. मग टीव्हीचंच का कळत नाही?

याचं उत्तर मिरजेत राहणाऱ्या माणसाला शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत कोणत्याही दुकानात डोकावा. तंबोऱ्याचा भोपळा किती मोठा असतो पाहा. तो सोलापूर जिल्ह्यातून येतो, निवडून पारखून घेतला जातो. शोभेसाठी नाही घेत तो. तार नुसती ताणून छेडली तर किणकिण होते. तिला आवाज येतो तो खालच्या पोकळीमुळे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला. आता मला सांगा, बोटभर जाडीच्या टीव्हीत भोपळा कुठे ठेवणार?

जुन्या टीव्हीला आपण खोकं म्हणून हसत होतो. पण त्या खोक्यात पोकळी होती आणि स्पीकर समोर, आपल्याकडे तोंड करून बसलेला असे. चिमणराव-गुंड्याभाऊ आम्ही शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिले. खोलीत पंचवीस माणसं, दोन रडणारी पोरं आणि स्टोव्हचा फरफराट, पण एक शब्द वाया गेला नाही. आताच्या टीव्हीत स्पीकर ठेवायला जागा नाही, म्हणून ते खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवतात. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवणारे मास्तर तुम्हाला आठवत असतील. तोच प्रकार. बरं, मास्तरांनी तसं केलं तर मागच्या बाकावरून हरकत तरी येते!

कंपन्यांना हे माहीत नाही असं कोण म्हणेल? त्याच कंपन्या त्याच दुकानात शेजारच्या फळीवर साउंडबार विकतात. दार विकायचं आणि कडी वेगळी विकायची, असा हा व्यवहार आहे. वर जाहिरात अशी की कडी म्हणजे जणू चैन, 'घरात चित्रपटगृहाचा अनुभव'. मला चित्रपटगृह नको आहे हो. मला बातमीतला आकडा ऐकायचा आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ही संध्याकाळी टीव्हीसमोर बसेनाशी झाली होती. "मला नाही बाई त्या मालिकांचं दळण आवडत," म्हणून मागच्या पडवीत वाती वळत बसायची. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं, रिमोट माझ्या हातात आला. त्याच्या आधी महिनाभर ती मधूनमधून विचारायची, "काय म्हणाली हो ती?" मीच अर्धं ऐकलेलं असायचं, त्यामुळे मी खेकसायचो, "लक्ष कुठे असतं तुझं?" दोन-चारदा असं झालं आणि तिने विचारणं बंद केलं. मग बसणंही बंद केलं.

डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात मला एक जुना विद्यार्थी आठवला. साल १९८४ असेल. मागच्या बाकावर बसायचा, प्रश्न विचारला की भलतंच उत्तर द्यायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य मी त्याला वर्षभर ऐकवलं, दोनदा वर्गाबाहेरही उभं केलं. पुढे त्याची आई शाळेत आली तेव्हा कळलं, त्याचा एक कान लहानपणापासून फुटलेला होता. त्याला पुढच्या बाकावर आणला, एवढंच करायचं होतं. चाळीस वर्षांनी तेच वाक्य घरात वापरलं आणि या वेळी सांगायला कोणाची आई येणार नव्हती.

असो. साउंडबार आणायचं ठरलं. अंदाजपत्रक सात हजारांच्या आत, कारण पेन्शन.

दुकानात विकणारा मुलगा निघाला माझाच, दहावी ब. वाकून नमस्कार केला आणि लगेच सुरू झाला, "सर, हा घ्या, दोनशे वॅट! आणि हा तर चारशे!" वॅट म्हणजे जणू पैकीच्या पैकी गुण. भाच्या, हे नीट वाच. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. घरातल्या खोलीत बातम्या ऐकायला एखादा वॅटही पुष्कळ होतो. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर पीएमपीओचे हजारांतले आकडे छापत, तीच जुनी खोड आता नव्या खोक्यावर आली आहे. आकडा पाहायचाच असेल तर त्याच्यापुढे आरएमएस लिहिलंय का ते पाहा आणि नंतर तोही विसरून जा.

पुढे त्याने डॉल्बी अ‍ॅटमॉस काढलं. छतावरून पाऊस पडल्याचा भास होतो म्हणे. खऱ्या अ‍ॅटमॉसच्या बारमधले काही स्पीकर वर तोंड करून असतात, आवाज सपाट छतावर आपटून खाली यावा म्हणून. आमचं घर कौलारू. आवाज आढ्यात जाऊन पालीला भेटेल. आणि स्वस्तातल्या बऱ्याच बारमध्ये ते वरचे स्पीकर नसतातच, नुसता शिक्का असतो. पाऊस म्हणाल तर आमच्या छतातून खराखुराच येतो, जुलैमध्ये.

मग सबवूफर. तो धमधम करणारा डबा. धमधम ही खालच्या पट्टीची आणि आमचं अडलंय वरच्या पट्टीत. म्हणजे ताप डोक्याला आणि लेप पायाला. शिवाय ती धमधम भिंतीतून शेजाऱ्यांकडे जाते. नको म्हटलं.

मी मागितलं ते एवढंच: समोर तोंड असलेले दोन बरे स्पीकर, संवाद उठावदार करणारं एक बटण आणि टीव्हीला एचडीएमआय एआरसीने जोडायची सोय. ही एआरसी २००९ पासून आली आहे. टीव्हीमागे एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात, त्यातल्या एकावरच एआरसी लिहिलेलं असतं, वायर त्यातच घालायची. फायदा असा की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. आमच्या वयात दुसरा रिमोट म्हणजे दुसरं भांडण. ऑप्टिकलने जोडला तर बहुधा बारचा वेगळा रिमोट लागतो. ब्लूटूथने ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, त्यापेक्षा पुटपुट परवडली.

भाच्या, तुझं बजेट माझ्या दुप्पट असेल तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला ३.१ चा बार बघ. चित्रपटातले संवाद मुख्यतः त्या मधल्या वाटेनेच येतात. आणि काही घेण्याआधी फुकटचे उपाय कर. टीव्हीच्या मेनूत आवाजाचा प्रकार 'सिनेमा' असेल तर 'स्पष्ट आवाज' किंवा तत्सम नावाचा कर, बास उतरव. कोणाकोणाचं तेवढ्यावर भागतं. आमचं नाही भागलं.

काही मंडळी म्हणतील, दोष टीव्हीचा नाही, मालिकावाल्यांचा आहे, प्रत्येक वाक्याखाली व्हायोलिन कशाला? तोही दोष आहेच, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजवायच्या नाहीत असा कायदा २०१० साली झाला. आपल्या सरकारने २०१९ मध्ये कर्णबधिरांसाठी कार्यक्रमांखाली मजकूर द्यायचे मानदंड काढले. मी माझ्या टीव्हीवर मराठी मालिकेखाली मराठी ओळी शोधतोय, अजून दिसल्या नाहीत. म्हणजे शब्द ऐकूही द्यायचे नाहीत आणि वाचूही द्यायचे नाहीत! आणि वर कान तपासा.

साडेसहा हजारांचा बार आला. पहिल्याच दिवशी हिने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, धूळ नको म्हणून. त्याचं तोंड झाकू नको यावर अर्धा तास चर्चा झाली. रुमाल आता टीव्हीखालच्या कपाटावर आहे. संवादाचं बटण चालू आहे आणि आवाज पूर्वीच्या निम्म्यावर. सूनबाईंची तक्रार नाही.

काल रात्री मालिका चालू होती. वातींचं ताट घेऊन ही कधी येऊन बसली ते मला कळलं नाही. मध्येच मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"लक्ष कुठे असतं तुमचं?" ही म्हणाली, आणि सांगितलं.