अपक्वाहार आणि जिभेचे हट्ट

शिजविलेलें अन्न अजीबात वर्ज्य करून फळें, भाज्या, मोड आलेलीं कडधान्यें व सुका मेवा यांवरच राहावें, हा विचार सुशिक्षित घरांतून अधूनमधून डोकें वर काढीत असतो. तो नवा नाहीं. स्वित्झर्लंडांतील डॉ. बिर्खर-बेन्नर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या रुग्णांना किसलेलें सफरचंद व भिजविलेले ओट देण्याचा परिपाठ घातला. गांधीजींनीं १९२९ सालीं मोड आणलेले गहूं, बदाम, पाला व लिंबू यांवर राहून पाहिलें, आणि प्रकृति बिघडल्यावर तो प्रयोग थांबविलाही. आरंभ करण्याचा उत्साह पुष्कळांजवळ असतो. थांबण्याचा विवेक थोड्यांजवळ. म्हणून या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं दोन गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या आठवड्यांत सर्वांत मोठी अडचण येते ती भुकेची. तींत नवल नाहीं. शंभर ग्रॅम काकडींत सुमारें १५ उष्मांक असतात, तर तितक्याच भुईमुगाच्या दाण्यांत साडेपांचशेंहून अधिक. ताटभर कोशिंबीर खाऊन पोट तुडुंब भरतें, पण दोन घटकांनीं पुन्हां कासावीस होतें, याचें कारण हेंच. अशा वेळीं मनाला दोष देऊं नये. ताटांत काय कमी आहे तें पाहावें. ओलें खोबरें, दाण्याचें कूट, केळीं, खजूर यांची जोड असल्याशिवाय नुसत्या पाल्यावर कोणाचाही निभाव लागणार नाहीं. आरंभही एकदम करूं नये. दिवसांतून एक वेळ असें कांहीं आठवडे चालवावें, म्हणजे पोट फुगण्याचा त्रासही बेतानें होतो.

भूक आणि हांव यांतला भेद मात्र ओळखावयास शिकलें पाहिजे. भूक हळूहळू वाढते आणि पुढें येईल त्यावर संतुष्ट होते. हांवेला नांव असतें: तिला भजींच हवीं असतात, किंवा फोडणीचा भातच. माजघरांत हिंगमोहरीचा वास दरवळला कीं ती जागी होते, आणि मन दुसऱ्या कामांत गुंतलें कीं बहुधा ओसरते. जिभेला हवें तें पुष्कळदां खारट, आंबट वा कुरकुरीत एवढेंच असतें. मीठ-लिंबू लावलेला पेरू वा मुळ्याची चकती तेवढें काम करिते. चैत्रांतल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आठवावी. भिजविलेली डाळ, कैरी, मीठ, मिरची. शिजविणें नाहीं, तरी तिला बेचव कोण म्हणेल? वरची फोडणी तेवढी गाळिली कीं झालें. आणि एखाद्या दिवशीं गरम वरणभात खाल्ला, तर व्रत मोडलें असें मानून हताश होऊं नये. अति कडक निर्बंधाचा शेवट ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणींत आपल्या वडीलधाऱ्यांनीं कधींच सांगून ठेविला आहे.

कांहीं ठिकाणीं मात्र हट्ट चालणार नाहीं. राजमा कच्चा खाणें हें विषच. तो भिजवून, खळखळ उकळून, पुरता शिजवावाच. दूध तापवूनच घ्यावें. मोड आलेल्या धान्यांत रोगजंतु लवकर वाढतात, म्हणून गर्भवती, लहान मुलें व वृद्ध यांना तीं वाफवूनच द्यावीं. दूधदहींही सोडणाऱ्यांनीं ब-१२ जीवनसत्त्वाची व्यवस्था वैद्यकीय सल्ल्यानें करावी. जर्मनींतील गिसेन येथील संशोधकांनीं १९९९ सालीं अशा आहारावर राहणाऱ्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तींत ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकीं सुमारें ३० टक्क्यांची मासिक पाळी अनियमित झाली होती वा थांबली होती. ज्यांच्या आहारांत कच्च्या अन्नाचा वाटा फार मोठा होता, त्यांत हें अधिक दिसलें. म्हणून वजन सारखें घटूं लागलें, पाळी चुकली, किंवा दिवसभर अन्नाखेरीज दुसरा विचारच सुचेनासा झाला, तर तो जिभेचा हट्ट नव्हे. ती शरीराची तक्रार आहे. प्रयोग तेथेंच थांबवून डॉक्टरांकडे जावें.

शेवटीं एकत्र कुटुंबाविषयीं. घरांतील एका माणसानें व्रत घ्यावें आणि त्याचीं गाजरें सुनेनें किसावीं, शिवाय बाराजणांच्या पोळ्याही लाटाव्या, हा न्याय नव्हे. ज्याचा प्रयोग त्यानेंच किसणी हातीं धरावी. पंक्तींत बसून इतरांच्या आमटीला नांवें ठेवूं नयेत. आणि घरांतील एखादी मुलगी वा सून हा आहार करीत असतां भुकेली दिसली, तर वडील स्त्रियांनीं तिचा निग्रह तोलीत बसूं नये. जवळ बसवून तिला चार घांस वाढावे. अन्न हें देहाच्या रक्षणासाठीं आहे, परीक्षेसाठीं नव्हे, एवढें ध्यानीं ठेविलें म्हणजे कच्चें काय आणि शिजविलेलें काय, दोन्ही अंगीं लागेल.