बॅटरीचं बटण

आमच्या हिंगोलीकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. रात्रीची लाइट आली की दादा ती घेऊन हळदीला पाणी द्यायला निघतो. गेल्या दिवाळीत मी त्याला महागातली नवी दिली. बांधावर सळसळ झाली, त्याने घाईत बटण दोनदा दाबलं, आणि लख्ख उजेडाऐवजी नुसती उघडझाप सुरू! घोणस होती की उंदीर, कळलंच नाही. चूक माझीच. मी उजेड पाहिला, बटण पाहिलं नाही.

मागच्या बटणांत एका प्रकारात 'टक्' करून बोट सोडल्यावरच दिवा लागतो. दुसऱ्यात अर्धवट दाबताच लागतो, सोडला की विझतो. पोलिसी कामाला हाच बरा म्हणतात. माझ्या मते शेतातही हाच हवा, आणि उघडझाप नकोच. आजोबांच्या जुन्या बॅटरीला सरकत्या बटणाशेजारी असं दाबायचं बटण होतंच की! दादा सध्या तीच वापरतोय.