वह्या वाटून झाल्या. आता क्लबच्या बैठकीत बसू या

जून हा शाळांचा महिना, तसाच तो आम्हा कापडवाल्यांचाही महिना. गणवेशाचे कापड, दप्तरे, रेनकोट यांचा खप याच दिवसांत होतो. याच दिवसांत वर्तमानपत्रात एक छायाचित्रही ठरलेले असते. शाळेच्या पटांगणात मुले रांगेने उभी, हातात नव्या वह्या, मागे सेवा क्लबचा फलक आणि पुढे पदाधिकारी. या छायाचित्राला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या मुलाला वही मिळाली, त्याला तिची गरज असतेच. पण व्यापारी म्हणून एक प्रश्न आमच्या मनात येतो. कोणत्या शाळेला काय द्यायचे हे ठरते कुठे? आणि ते ठरते त्या बैठकीत आमच्यातले किती जण बसलेले असतात?

आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघाले, बेल्हे आणि गुळुंचवाडी मागे टाकली की आणे घाट लागतो. घाट चढला की आणे पठार. जुन्नर तालुक्याला लोक धरणांचा तालुका म्हणतात. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि पाचवे डिंभे शेजारच्या आंबेगावात. पण पाणी खाली आणि पठार वर, अशी गत आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे पठारावरच्या लोकांना नवे नाही. अशा भागातील शाळेला पहिली गरज वहीची की पाण्याच्या टाकीची? पाणी नसले तर बांधलेल्या शौचालयालाही कुलूप लागते. शौचालयाला कुलूप लागले की सातवी-आठवीच्या मुली आधी एक दिवस घरी राहतात, मग आठवडाभर, आणि पुढे त्यांचे नाव पटावर तेवढे राहते. हे ज्याला ठाऊक आहे तो वह्यांआधी टाकीचा विचार करील. ज्याला ठाऊक नाही तो वह्या वाटील. दोघांचीही नियत चांगलीच असते. फरक माहितीचा असतो, आणि माहिती बैठकीत कोणीतरी न्यावी लागते.

आमच्या भागात जुन्नर, नारायणगाव, आळेफाटा अशा बाजारपेठेच्या गावी रोटरी आणि लायन्सचे काम चालते. नेत्रतपासणी, रक्तदान, शाळांना मदत ही त्यांची नेहमीची कामे. हे क्लब म्हणजे बड्या लोकांची जेवणावळ, असा समज आमच्या मोहल्ल्यांत आहे. त्यांची सुरुवात मात्र वेगळी आहे. १९०५ साली शिकागो शहरात चौघे एकत्र आले आणि रोटरीचा जन्म झाला. पॉल हॅरिस हे वकील. बाकीच्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक कपडे शिवून विकणारा. म्हणजे पहिल्या चौघांत आमच्या धंद्याचा एक माणूस होता! पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे म्हणून रोटरी हे नाव पडले. प्रत्येक धंद्याचा माणूस क्लबात असावा, हे तत्त्व त्यात पहिल्यापासून आहे. लायन्सची स्थापना १९१७ सालची, तीही शिकागोतल्या धंदेवाईक लोकांतूनच झाली. धर्माच्या वा पक्षाच्या नावावर या संस्था चालत नाहीत. रोटरीने १९८९ पासून स्त्रियांनाही सभासदत्व दिले आहे.

आता काम कसे चालते ते पाहू. एखादा सभासद बैठकीत शाळेचे नाव आणतो. मुख्याध्यापकाचे पत्र जोडतो, खर्चाचा अंदाज देतो. काम लहान असेल तर क्लबच्या वर्गणीतून होते. मोठे असेल तर वरच्या पातळीवरून निधी मिळतो. रोटरीच्या मोठ्या अनुदानासाठी दोन देशांतील क्लब एकत्र यावे लागतात आणि कामाचा खर्च किमान तीस हजार डॉलरचा असावा लागतो. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातलाही काही पैसा अशा संस्थांमार्फत शाळांपर्यंत येतो. थोडक्यात, पैसा आहे. पण शाळेचे नाव सुचविणारा माणूस नसेल तर तो त्या शाळेला मिळत नाही. उर्दू शाळेचे नाव यादीत आले नाही म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर तक्रार करतो. पुष्कळदा कोणी ते नाव खोडलेले नसते; ते कोणी लिहिलेलेच नसते.

आमच्या धंद्यातले उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ साली ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना राबवली. कापडाची खरेदी एका जागेवरून आणि शिलाई महिला बचत गटांकडे, अशी ती व्यवस्था होती. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुलांना गणवेश मिळाला नाही. मिळाला तो कुणाला आखूड, कुणाला ढगळ, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पोराचे माप मंत्रालयातून घेता येत नाही. मोहल्ल्यातला साधा कारीगरही सांगेल की वाढत्या वयाच्या मुलाच्या कपड्याला शिवणीत माया ठेवावी लागते, म्हणजे दिवाळीनंतर उसवून सैल करता येतो. सुती कापड आधी भिजवून घ्यावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. हे शहाणपण आमच्या गल्लीत आहे. आणि शासनाची ही योजना सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती आहे. खाजगी अनुदानित शाळेतल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. क्लबची मदत इथे उपयोगी पडू शकते.

सध्या रमजान ईद मार्च महिन्यात येते. ईदची शिलाई उरकली की कारीगराचे मशीन काही दिवस मोकळे असते. त्या दिवसांत शाळेत जाऊन मुलांची मापे घेतली, जूनच्या गर्दीआधी कापड ठोक दराने उचलले आणि शिलाईचे काम गावातल्याच कारीगरांना व शिवणकाम करणाऱ्या भगिनींना दिले, तर तितक्याच पैशात जास्त मुलांना अंगाबरोबर बसणारा गणवेश मिळेल. क्लबला वेळेवर काम मिळेल, कारीगराला मजुरी मिळेल. पण हा हिशेब क्लबच्या बैठकीत मांडणार कोण? वकील आणि डॉक्टर मंडळींना तो कसा सुचावा?

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. क्लबात जायचे ते आपला माल खपवायला नाही. ज्याचे दुकान आहे त्याने आपल्या दुकानातून खरेदी होत असताना मत देऊ नये. तीन दुकानांची दरपत्रके मागवावीत आणि बिले सर्वांना पाहता यावीत. कापडाच्या धंद्यात पत गेली की दुकान गेले, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आमचे काही बंधू म्हणतील, वर्गणी परवडत नाही, आणि तिथली भाषा आम्हाला येत नाही. वर्गणी लहान कारीगराला जड जाते, हे खरे आहे. पण चार-पाच दुकानदारांनी मिळून एकाची वर्गणी भरली तर त्या मोहल्ल्याचा एक माणूस तिथे बसतो. भाषेचे म्हणाल तर आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो. बाजारात उभे राहून मराठी आलीच की! तालुक्याच्या क्लबात मराठीच बोलली जाते. दुसरा आक्षेप असा की आम्ही जकात आणि सदका देतोच, मग आणखी हे कशाला? जकातीचे हकदार ठरलेले आहेत, ती त्यांनाच जावी. पण शाळेची टाकी सगळ्या गावाची असते. त्या कामाला आमचा वेळ, आमची ओळख आणि खरेदीतली आमची जाण द्यायला कोणाची हरकत आहे?

पोलिओचे उदाहरण फार जुने नाही. रोटरीने १९८५ पासून जगभर हे काम हाती घेतले. उत्तर प्रदेशातील मुस्लिम वस्त्यांत लसीविषयी संशय होता. बाहेरून आलेल्या माणसाच्या सांगण्याने दारे उघडत नव्हती. उलेमांना सोबत घेतले, मोहल्ल्यातली माणसे बरोबर आली, तेव्हा दारे उघडली. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला सारा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. क्लबचा पैसा आणि मोहल्ल्याचा विश्वास एकत्र आला, तेव्हाच ते शक्य झाले.

म्हणून येत्या हंगामाआधी आपल्या गावात तीन गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या जवळच्या शाळेच्या, मराठी असो वा उर्दू, मुख्याध्यापकांना भेटून गरजांची यादी लेखी घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यांनाही विचारावे. दुसरी, ती यादी जवळच्या क्लबकडे न्यावी, आणि जमेल त्याने सभासद व्हावे. तिसरी, काम झाल्यावर वर्षभराने पुन्हा शाळेत जाऊन पाहावे. संगणक दिले आणि वीजबिल थकल्याने ते बंद पडले, अशा शाळा कमी नाहीत. नळाला पाणी येते का, शौचालयाचे कुलूप उघडे आहे का, मुली वर्गात आहेत का, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आणे गावात दरवर्षी हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा मोठा महाप्रसाद होतो. आमटी मोठमोठ्या कढयांत एका जागी शिजते, पण भाकरी घराघरांतून येते. पाण्याची ओढ असलेले हे पठार एवढ्या माणसांना जेवू घालते, ते या वाटणीमुळे. शाळांचे कामही तसेच आहे. मोठी कढई क्लबने चढवावी. भाकरी आपल्या घरून गेली पाहिजे.