शांत जातीचा कुत्रा चावत नाही?

"डॉक्टर, मुलांसाठी कुत्रा घ्यायचाय. कोणती जात शांत असते?" हा प्रश्न दवाखान्यात मला अनेकदा विचारला जातो.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर या जाती साधारणपणे मुलांत रमतात, हे खरे. पण माझ्या मते जात पाहण्याआधी आपले घर पाहावे. लॅब्रॅडॉरला रोज भरपूर फिरवावे लागते. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा कोंडलेला शांत कुत्राही चिडचिडा होतो. गोल्डन रिट्रीव्हरला त्याच्या दाट केसांमुळे आपला उन्हाळा सोसत नाही. नीट वाढवलेले गावठी पिल्लूही तितकेच प्रेमळ असते आणि आपल्या हवेला सरावलेले असते.

दुसरे म्हणजे, कोणत्याही जातीचा कुत्रा चावू शकतो. खाताना हात लावला, झोपेतून दचकवले, शेपूट ओढली, की पुरते. म्हणून लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका.

"घरचाच आहे, काही होत नाही," म्हणून जखमेवर हळद-चुना लावून थांबू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त आले असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

पिल्लू साधारण ३ महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्या, पुढचे डोस पशुवैद्यांच्या सल्ल्याने चुकवू नका. एवढे जमणार असेल तरच कुत्रा घरी आणा.